खाजेचं बिऱ्हाड

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे आणि त्याला चार पाय आहेत. ब्रूनोला ठेवायचं की कुणाला देऊन टाकायचं?

ब्रूनो म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. वय पाच वर्षं, वजन तीस किलो, रंग मूळचा फिकट पिवळा. 'मूळचा' अशासाठी, की काखेत, पोटाखाली आणि पायांच्या बोटांमध्ये तो रंग आता उरलेला नाही. तिथली कातडी काळपट, जाड, हत्तीसारखी झाली आहे आणि चाटून चाटून पुढचे पंजे विटकरी झाले आहेत. ज्यांनी कुत्रा पाळला नाही त्यांना वाटेल, खाजच ना, खाजवेल आणि गप्प बसेल. गंमत अशी की (गंमत कसली म्हणा!) तो गप्प बसत नाही. रात्री दोन वाजता मागच्या पायानं मान खाजवताना त्याचा घोटा फरशीवर आपटतो. टप् टप् टप् टप्. मग कान फडफडवणं. मग पंजा चाटणं. मग पुन्हा टप् टप्. तान्हं मूल रात्री रडतं तेव्हा हे काही महिन्यांनी संपणार आहे, हे आईला ठाऊक असतं. इथे तसा काही वायदा नाही. रात्री दोन वाजता मला ब्रूनो आवडत नाही. सकाळी सहाला तो शेपटी हलवत उशाशी येतो तेव्हा आवडतो. मधले चार तास फार लांब असतात.

ब्रूनोचा जन्म पुण्याचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या पुष्कळ लोकांनी कुत्री घेतली, तशी माझ्या धाकट्या दिरांनीही घेतली. पुढे ऑफिसं सुरू झाली, दोघं नवरा-बायको सकाळी नऊला बाहेर पडायला लागले आणि त्याच सुमाराला ब्रूनोची खाजही सुरू झाली. २०२२ च्या दिवाळीत ते त्याला गाडीत घालूनच घेऊन आले. "वहिनी, तिथे फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात हो. गावात मोकळी हवा आहे, महिनाभरात बरा होईल बघा." सासूबाईंनी त्याला ओवाळलं (हो, खरंच ओवाळलं, दिवाळीचे दिवस होते) आणि 'ब्रूनो' हे नाव जिभेवर बसेना म्हणून 'बिरूनाथ' केलं. म्हणजे एकदा घर बदलून झालेलं आहे. प्रश्न दुसऱ्यांदा बदलायचा आहे.

आता त्या मोकळ्या हवेबद्दल. आसेगाव नावाची गावं वऱ्हाडात एकाहून जास्त आहेत. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं. शहरातल्या माणसाला गावची हवा म्हणजे औषधच वाटतं. आमच्या हवेत काय काय असतं ते सांगते. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शाळेच्या कुंपणाला, पडीक जागेत कमरेएवढं गाजरगवत माजतं आणि त्याच्या पांढऱ्या फुलांचे पराग वाऱ्यावर असतात. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघतं, थ्रेशर सुरू होतात आणि धुराळा गावावर तरंगत राहतो. घरोघरी कुटार भरलेलं, पोत्यांची थप्पी लागलेली. घरातल्या धुळीत आणि साठवलेल्या धान्यात डोळ्यांना न दिसणारे, कोळ्यांच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव असतात, माइट्स म्हणतात त्यांना. ऍलर्जीवाल्या कुत्र्यांचे ते जुने वैरी. पुण्याला गादीतले होते, इथे गादीतले आहेतच, शिवाय पोत्यातले!

गाजरगवत मूळचं आपल्याकडचं नाही, मेक्सिकोच्या बाजूचं. भारतात त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते १९५५ च्या सुमाराला, आणि कुठे म्हणाल तर पुण्यात. तिथून ते देशभर पसरलं. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली बंगळूरला आणून सोडले गेले. ते भुंगे आता आमच्या बांधावरही दिसतात, पण गवत त्यांना पुरून उरतं. निंदण करणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातांना त्या गवतानं पुरळ उठलेली मी पाहिली आहे. ब्रूनो तर त्यात पोटावर लोळतो. पुण्याहून आसेगावला येणारा तो काही पहिला नव्हे, गाजरगवत त्याच्या आधी येऊन बसलं होतं.

त्यात तो आला त्या वर्षी लम्पीनं थैमान घातलं होतं. ढोरांच्या अंगावरच्या गाठी पाहून लोक धास्तावले होते. त्याच दिवाळीत केस गेलेला, लाल चट्ट्यांचा कुत्रा आमच्या दारात! शेजारच्या पोरांना त्यांच्या आयांनी आमच्या अंगणात यायची बंदी केली. लम्पी गाई-म्हशींचा आजार आहे, तो कुत्र्याला होत नाही, आणि ब्रूनोची खाज तर माणसाला, गुराला, दुसऱ्या कुत्र्याला, कुणालाच लागत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल! शिक्षिका असल्याचा फायदा एवढाच, की एकच गोष्ट चाळीस वेळा सांगायची सवय आहे.

"मॅडम, लूत लागली त्याले. जळकं ऑइल लावा, आठ दिवसांत साफ." हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. जळकं ऑइल म्हणजे ट्रॅक्टर-मोटारसायकलचं वापरून काढलेलं काळं तेल. लूत ही एक गोष्ट, ती कातडीत शिरलेल्या किड्यांमुळे होते. ऍलर्जी ही दुसरी. आणि लूत असली तरी ते तेल कातडी भाजतं आणि कुत्रा ते चाटून पोटात घालतो. गंधक-खोबरेल, करंजाचं तेल, कडुलिंबाचा पाला, सगळं सुचवून झालं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर गावातलं लुतीचं कुत्रं असतं.

शेवटी अकोला गाठलं. तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपूरच्या माफसू विद्यापीठाच्या अखत्यारीतली. आम्ही आपलं 'अकोल्याचं जनावरांचं कॉलेज' म्हणतो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की ऍलर्जी अशी रक्ताच्या एका तपासणीत सापडत नाही. एकेक संशयित सोडून देत देत जावं लागतं, पोलीस तपासासारखं. आधी कातडी ब्लेडनं हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लुतीचे किडे नाहीत. बुरशीचं गजकर्ण नाही. मग चिकटपट्टी लावून कातडीचा नमुना घेतला. त्यात जिवाणू आणि यीस्ट भरपूर. पण ते मूळ चोर नव्हेत, उघडं दार पाहून घुसलेले. खाजेमुळे कातडी फाटते, फाटलेल्या कातडीत हे वाढतात, त्यांच्यामुळे खाज आणखी वाढते. ब्रूनोच्या अंगाला जो शिळ्या तेलासारखा वास येतो तो त्या यीस्टचा. कानातली घाणही त्यांचीच.

मग पिसवा. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचीच ऍलर्जी असते आणि एक-दोन चावेही त्यांना पुरतात. म्हणून घरातल्या मांजरासकट सगळ्यांना पिसवांचं औषध, आणि तेही बारा महिने. थोडा फरक पडला, पण थोडाच.

मग खाणं. आठ आठवडे एकच प्रकारचं अन्न, जे त्यानं पूर्वी कधी खाल्लेलं नाही. कुत्र्यांना अन्नातून त्रास होतो तो बहुधा बीफ, दूध, कोंबडी नाहीतर गहू यांचा. यातल्या दोन गोष्टी आमच्या घरात दिवसातून चार वेळा असतात. आम्ही तळ्यातली मासळी आणि उकडलेला बटाटा असं ठरवलं. काटे काढून काढून माझी बोटं झिजली, पण खरी अडचण वेगळीच होती. सासूबाईंची शेवटची पोळी कुत्र्याची असते, त्यांच्या सासूपासून चालत आलेली. आठ आठवडे ती पोळी बंद! "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले कुत्र्यामागं, अन् तुम्ही पोळी नाही म्हणता?" मी म्हटलं, आई, नामदेवांच्या कुत्र्याला गव्हाची ऍलर्जी नव्हती. त्या हसल्या नाहीत, पण पोळीही दिली नाही. रोज करायच्या आणि गाईला घालायच्या. आठ आठवड्यांनी कळलं की खाण्यात दोष नाही. पोळी सुरू झाली आणि खाजेत फरक पडला नाही. त्या दिवशी घरात सगळ्यांत आनंदी सासूबाई होत्या, आणि दुसरा नंबर बिरूनाथाचा.

सगळे संशयित सुटल्यावर जे उरलं त्याचं नाव ऍटोपी. म्हणजे परागकण, धूळ, माइट्स अशा साध्या गोष्टींना शरीर शत्रू समजून लढत बसतं. ती रक्तात असते, आईबापांकडून येते, साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड यांच्यात जास्त आढळते. आणि ती बरी होत नाही. आटोक्यात राहते. मधुमेहासारखं.

'ऍटोपी' हा शब्द मी नंतर शोधला. सवय आहे. १९२३ साली कोका आणि कुक नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी तो वापरात आणला. मूळ ग्रीक. त्याचा अर्थ विचित्र, आणि शब्दशः पाहिलं तर 'जागेवर नसलेलं', ज्याला ठिकाण नाही असं. हे वाचलं आणि मी जरा वेळ तशीच बसून राहिले. पुण्याहून आसेगावला आलेला, आता आसेगावहून कुठे पाठवावा याचा विचार चाललेला हा कुत्रा, आणि त्याच्या आजाराचं नाव काय, तर ठिकाण नसणं!

आता औषधं. स्टेरॉइडच्या गोळीनं तीन दिवसांत खाज थांबली. तो आठवडा आम्ही सगळे झोपलो. पण भूक इतकी वाढली की त्यानं शिवणाच्या पिशवीतला कापूस खाल्ला, आणि पाणी पिऊन पिऊन घरभर तळी. ही गोळी दीर्घकाळ देण्यासारखी नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसरी गोळी ऑक्लासिटिनिब, अमेरिकेत २०१३ साली आलेली. ती खाजेचा निरोप मेंदूकडे पोचवणारी साखळी मधेच तोडते. ब्रूनोला ती चांगली लागू पडली. दुष्परिणाम स्टेरॉइडपेक्षा कमी, पण अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि किंमत! गोळी, औषधी शाम्पू, गोचीड-पिसवांची गोळी, अकोल्याच्या फेऱ्या असं सगळं धरून पावसाळ्यातल्या महिन्याला पाच हजारांच्या आसपास जातात.

आमचे हे शेतीच्या भाषेत हिशेब करतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव ठरवला क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात तेवढाही मिळाला नाही. "म्हणजे हा महिन्याला एक क्विंटल सोयाबीन खातो," हे म्हणाले. ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते शांतपणे म्हणाले, आणि आकडा बरोबर होता. मुलगी अकोल्याला शिकते, तिची फी आहे. मुलगा दहावीला आहे आणि ब्रूनो त्याच्याच खोलीत झोपतो. मी पावणेदहाला वर्गात उभी राहते तेव्हा फळ्यावरची अक्षरं कधीकधी पोहायला लागतात. हे काही रडगाणं नाही. एवढी पाटी मांडल्याशिवाय 'ठेवायचं की द्यायचं' हा प्रश्न खरा वाटत नाही, म्हणून लिहिलं.

तर द्यायचं ठरवलं तर कुणाला?

पहिलं मागणं घरापासून दोन गल्ल्या पलीकडचं. "मॅडम, कायले एवढा तरास करून घेता? द्या मले. वावरात बांधतो. रोही अन् डुकरं लय झाले, राखन तं होईन." बांधतो, म्हणजे साखळीनं. दिवसरात्र, गाजरगवताच्या बांधावर. आणि ब्रूनो रोह्यांपुढे भुंकण्याऐवजी शेपटी हलवेल हे वेगळंच. दुसरं मागणं तालुक्याच्या गावाहून. त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर मादी होती. "अंगावर काय आहे त्याचं काही नाही, पिल्लं चांगली निघतील." हे मला वावरापेक्षाही वाईट वाटलं. आजार रक्तातून येतो म्हटल्यावर सात-आठ पिल्लांमधली निदान काही तरी हीच खाज घेऊन सात-आठ घरांत जातील, आणि तिथे कुणीतरी पुन्हा रात्री दोन वाजता टप् टप् ऐकत बसेल.

तिसरा सल्ला मागणं नव्हतंच. "सोडून द्या कुठं दूर नेऊन." आठवडी बाजाराच्या दिवशी टेम्पोत घालायचं आणि दुसऱ्या गावात उतरवायचं. हे आमच्याकडे नवीन नाही, शहरात तर त्याहून नाही. यावर कायदा आहे बरं का. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. उपासमारीनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. एका पन्नासाच्या नोटेत जिवंत जनावराची जबाबदारी संपते. म्हणजे माणसाला थांबवायचं काम हा दंड करत नाही. जे थांबतात ते दुसऱ्या कशानं तरी थांबतात.

मराठीत देणं आणि सोडणं हे दोन वेगळे शब्द आहेत, पण कुत्र्याच्या बाबतीत आपण ते एकात एक मिसळतो. 'दिला' म्हणतो आणि 'सोडला' असा अर्थ असतो. देण्याला समोर कुणीतरी घेणारा लागतो आणि त्याला काय घेतोय ते ठाऊक असावं लागतं. आमच्याकडच्या बैलबाजारात हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. बैलाची खोड सांगून विकायची. मारका आहे, बसका आहे, जे असेल ते. खोड लपवून विकणाऱ्याचं नाव पुढच्या बाजारापर्यंत गावोगाव पोचतं.

चौथं मागणं मात्र खरं होतं. कारंज्याचं एक वयस्क जोडपं, यांच्या ओळखीतलं. मुलं बाहेरगावी, घर मोठं, अंगण फरशीचं. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, घरात दत्ताची उपासना, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे. "आमच्याकडे श्वानाला नाही म्हणत नाही," काका फोनवर म्हणाले. येत्या रविवारी बघायला येतो म्हणाले. सासूबाई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी वाती वळताना एवढंच म्हणाल्या, "धर्मराजानं स्वर्गाच्या दारात बी सोडलं नव्हतं कुत्र्याले." मी काही बोलले नाही. मनात मात्र आलं, त्या कुत्र्याच्या कातडीबद्दल महाभारतात काही लिहिलेलं नाही. आणि धर्मराजाला दुसऱ्या दिवशी शाळेतही जायचं नव्हतं.

रविवारच्या आधी मी खोड लिहायला बसले. बैल देताना सांगतात तशी. कारंज्याच्या काका-काकूंना काय काय करावं लागेल ते सगळं, एका फुलस्केप कागदावर.

रोज: सकाळी गोळी, खाण्याबरोबर. बाहेरून आला की चारही पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करणं, बोटांच्या मधलंसुद्धा. कान उघडून बघणं, वास आला तर कानाचं औषध. खाली पोतं अंथरायचं नाही, धुतलेली सुती चादर.

आठवड्याला: औषधी शाम्पूनं आंघोळ. पाणी कोमट, गरम नाही, गरम पाण्यानं खाज वाढते. फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं राहिला पाहिजे, लावला आणि धुतला तर फक्त पैसे जातात. नंतर पूर्ण कोरडं करणं. चादरी कडकडीत पाण्यात.

दर बारा आठवड्यांनी: गोचीड-पिसवांची गोळी. घरात मांजर असेल तर त्यालाही मांजराचं औषध, कुत्र्याचं नव्हे.

पू दिसला, वास वाढला, कान एका बाजूला कलता धरला तर लगेच डॉक्टर. मनानं स्टेरॉइड देऊ नये. याच्यापासून पिल्लं काढू नयेत. पावसाळा ते सोयाबीन निघेपर्यंत सगळ्यांत जास्त त्रास.

शेवटची ओळ लिहिताना मला पुरावा हवा होता. तो घरात भिंतीवर होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की खाजेला रोज शून्य ते दहा गुण द्या. ते काम मुलाकडे होतं. कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, त्याच्या बारीक अक्षरात एकेक आकडा. पानं उलटून बघितली. जुलै ते ऑक्टोबर सात, आठ, आठ, नऊ. नोव्हेंबरपासून उतरता. जानेवारी ते मे तीन, दोन, तीन, कुठे चार. आणि बारकाईनं पाहिल्यावर आणखी एक दिसलं. घरात 'देऊन टाकू' हा विषय ज्या ज्या वेळी निघाला होता, त्या सगळ्या तारखा आठ-नऊच्या होत्या. फेब्रुवारीत हा विषय कुणीच काढला नव्हता.

याचा अर्थ असा नाही की प्रश्न खोटा होता. चार महिने न झोपणं हे चार महिने न झोपणंच असतं. पण वर्षभराचा निर्णय आपण वर्षाच्या सगळ्यांत वाईट रात्री घेत होतो, एवढं मात्र त्या चौकोनांनी स्वच्छ दाखवलं.

दुसरी गोष्ट तो कागद पुन्हा वाचताना लक्षात आली. त्यातलं एकही काम आसेगावचं नव्हतं. गाजरगवत कारंज्यालाही आहे, धूळ पुण्यालाही होती. खाज ब्रूनोबरोबर बिऱ्हाड घेऊन फिरते. घर बदललं की फक्त कामाचे हात बदलतात. काही वेळा तेच योग्य असतं. ज्या घरात हात नाहीत, वेळ नाही, पैसा नाही, त्यांनी हात असलेल्या घराला कुत्रा दिला तर त्यात पाप नाही, मी त्याला पळून जाणं म्हणणार नाही. माझ्या दिरांनाही मी त्यासाठी कधी बोल लावला नाही. फक्त देताना विचारायचं हे, की पुढच्या घरात यापेक्षा जास्त हात आहेत का?

रविवारी काका-काकू आले. ब्रूनोनं नेहमीप्रमाणे पहिल्या भेटीत चप्पल पळवून स्वागत केलं. काकूंना तो फार आवडला. काकांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग घडी करून मला परत दिला. "मॅडम, आमचं दोघांचं वय सत्तरीच्या पुढं. हा तीस किलोचा. दर आठवड्याला उचलून आंघोळ घालणं आमच्यानं व्हायचं नाही. तुम्ही हे लिहिलं नसतं तर आम्ही त्याला आज घेऊन गेलो असतो." काकू जरा हिरमुसल्या. निघताना काका म्हणाले, "पण तुम्हाला कधी लग्नाकार्याला जायचं असलं, आठ-पंधरा दिवस, तर आमच्याकडे ठेवत जा. आठ दिवस पंजे पुसायला आम्ही खंबीर आहोत." तीन वर्षांत आम्ही चौघं मिळून एकाही लग्नाला गेलेलो नाही. मला ते किती मोठं देणं वाटलं ते त्यांना कळलं असेल का कोण जाणे.

ते गेल्यावर कागद जेवणाच्या टेबलावर पडलेला होता. यांनी वाचला. मुलानं वाचला. आणि वाचताना दोघांनाही एक गोष्ट पहिल्यांदा आकड्यात दिसली, की यातली जवळजवळ सगळी कामं एकच माणूस करतो. मी काही बोलले नाही, कागदच बोलत होता. यांनी पेन घेतलं आणि 'सकाळी गोळी' आणि 'डॉक्टर' यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. पंजे पुसणं मुलाकडे, परीक्षेचा महिना सोडून. चादरी सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतल्या. "बिरूनाथाच्या चादरी मी पाहीन." आंघोळ सगळ्यांची मिळून. मुलाची खोली बदलली, ब्रूनो आता पुढच्या पडवीत झोपतो आणि आवाज आळीपाळीनं एकेकाच्या वाट्याला येतो. जून लागायच्या आत अंगणाच्या कडेचं गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, हातमोजे घालून, हेही कागदात भरलं.

म्हणजे ठेवायचंच ठरलं का? नाही. ठरलंय ते असं की येत्या पावसाळ्यात हे सगळं करून बघायचं, कालनिर्णयमध्ये आकडे लिहायचे, आणि निर्णय सप्टेंबरात घ्यायचा नाही. डिसेंबरात, सगळ्यांची झोप झालेली असताना, पुन्हा बसायचं. तेव्हाही जमत नाही असं दिसलं तर चांगलं घर शोधायचं, आणि तो कागद बरोबर द्यायचा.

असो. आज रविवार. पाणी कोमट झालंय, मुलगा घड्याळ घेऊन मोरीच्या दारात उभा आहे आणि बिरूनाथ पलंगाखाली लपलाय. त्याला बाहेर काढणं हे काम कागदात लिहायचं राहिलं होतं.